सांगलीत राहून कच्चा आहार: ताट कसं भरायचं आणि काय शिजवल्याशिवाय खायचं नाही

कच्चा आहार म्हणजे काकडी, टोमॅटो आणि वर लिंबू, असं समजून सुरुवात करणारी माणसं आठवड्याभरात चिडचिडी होतात, रात्री फरसाणाच्या डब्याकडे वळतात आणि हे आपल्याला जमणारं नाही म्हणून सोडून देतात. त्यांचा निश्चय कमी पडतो असं मला वाटत नाही, कमी पडतं ते खाणं. एक किलो काकडीत जेमतेम दीडशे कॅलरी असतात. ज्वारीच्या एका मध्यम भाकरीत त्यापेक्षा जास्त असतात. भाकरी, भात, आमटी ताटातून काढली की त्यांच्या जागी तितक्याच ताकदीचं काहीतरी यायला हवं, आणि आपल्या भागात ती जागा भरून काढतात शेंगदाणा, ओलं खोबरं, केळी, तीळ आणि मोड आलेलं कडधान्य. कोशिंबीर त्यानंतर.

मी सांगलीत विश्रामबाग भागात राहते. बरेच महिने पूर्ण कच्च्यावर होते, आता दिवसातलं एक जेवण कच्चं आणि एक शिजवलेलं अशी घडी बसली आहे. या काळात जे करून पाहिलं, जे वाचून आणि डॉक्टरांना विचारून पक्कं केलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी सगळं वाचून मगच करावी, विशेषतः न शिजवता खाऊच नये अशा पदार्थांचा भाग.

आधी थोडी पार्श्वभूमी

साधारण ४५ ते ४८ अंश सेल्सिअसच्या वर न तापवलेलं अन्न म्हणजे कच्चा आहार, अशी ढोबळ व्याख्या आहे. कल्पना नवी नाही. स्वित्झर्लंडमधले डॉक्टर बिर्शर-बेनर यांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या रुग्णांना कच्ची फळं, भिजवलेलं ओट आणि सुकामेवा द्यायला सुरुवात केली. आज दुकानात मिळणारं म्यूस्ली त्यातूनच आलं. महात्मा गांधींनीही १९२९ साली न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला होता. त्यांना आमांश झाला आणि त्यांनी तो थांबवला. त्यांच्यासारख्या संयमी माणसाने शरीराचं ऐकून प्रयोग थांबवला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. निसर्गोपचारावरचा त्यांचा विश्वास मात्र गेला नाही; पुण्याजवळ उरुळी कांचनचा निसर्गोपचार आश्रम त्यांनी १९४६ मध्ये सुरू केला.

पहिलं काम: रक्त तपासून घ्या

हिमोग्लोबिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, थायरॉइड, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारी तपासणी) आणि तीन महिन्यांची सरासरी साखर, एवढ्या तपासण्या सुरुवातीलाच करून कागद जपून ठेवा. पुढे थकवा आला तर तो आधीपासूनचा होता की आहारामुळे आला, हे याच कागदावरून कळतं.

काहींनी पूर्ण कच्च्या आहाराच्या वाटेला जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, लहान मुलं, वाढत्या वयातल्या मुली, मूत्रपिंडाचा आजार असलेले, केमोथेरपी घेणारे. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी भाकरी-भात अचानक बंद केला तर साखर एकदम खाली जाऊ शकते, त्यामुळे डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नाही. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालेभाजी अचानक वाढवली तर तिच्यातल्या के जीवनसत्त्वामुळे गोळीचा परिणाम कमी होतो.

स्त्रियांसाठी आणखी एक. जर्मनीतल्या गीसेन इथल्या संशोधकांनी दीर्घकाळ कच्चा आहार घेणाऱ्या पाचशेहून अधिक लोकांची पाहणी १९९९ साली प्रसिद्ध केली. त्यात ४५ वर्षांखालच्या सुमारे ३० टक्के स्त्रियांची पाळी अनियमित झाली होती किंवा थांबली होती, आणि वजन जितकं जास्त उतरलं तितका हा त्रास जास्त होता. पाळी पुढे सरकली तर शरीर शुद्ध होतंय वगैरे समजुतीत राहू नका. पोटात कमी जातंय, एवढाच त्याचा अर्थ घ्या आणि खाणं वाढवा.

बाजारात कच्चं काय आणि शिजलेलं काय

सांगलीच्या बाजारात उभं राहिलं की यातली खरी गंमत कळते. हळदीचंच घ्या. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, मार्केट यार्डात तिचे सौदे चालतात, पण वाळलेली हळद कच्ची नसते. काढणीनंतर गड्डे आधी शिजवतात, मग वाळवून पॉलिश करतात. कच्ची हवी तर काढणीच्या दिवसांत, म्हणजे साधारण जानेवारी ते मार्च, ओली हळद घ्यायची आणि लिंबू-मीठ लावून बरणी भरायची. गूळ कढईत रस आटवून होतो. पोहे म्हणजे साळी भिजवून, तापवून मग कुटलेल्या. भडंग कुरमुऱ्यांचं, आणि कुरमुरे भट्टीतले. काजूगर कवचातून काढताना वाफवतात किंवा भाजतात, त्यामुळे पाकिटावर काहीही लिहिलेलं असलं तरी तो बहुधा कच्चा नसतो.

याउलट आपला बेदाणा कच्च्या आहारात अगदी चपखल बसतो. तासगाव, कवठे महांकाळकडच्या शेडवर द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून जाळ्यांवर पसरतात आणि वाऱ्यावर सावलीत वाळवतात. चूल कुठेच नाही. मात्र हिरवा-पिवळा रंग टिकावा म्हणून बऱ्याच मालाला गंधकाची धुरी देतात. दम्याचा त्रास असणाऱ्यांना ती बाधू शकते. मी काळा बेदाणा घेते, दोनदा धुते आणि रात्री भिजत घालते.

मी या सगळ्यात कर्मठपणा केला नाही. दूध तापवूनच दही लागतं, म्हणजे काटेकोर व्याख्येत दही बसत नाही. माझ्या ताटात ते कायम राहिलं, कारण कॅल्शियम आणि थोडंफार बी-१२ त्यातूनच मिळत होतं. जे दही-दूधही सोडतात त्यांनी डॉक्टरांना विचारून बी-१२ ची गोळी सुरू करावी. वनस्पतींमधून ते भरवशाने मिळत नाही. आणि कच्चं म्हणून धारोष्ण दूध पिऊ नका. न तापवलेल्या दुधातून ब्रुसेलोसिस (जनावरांकडून माणसांना होणारा तापाचा आजार) आणि क्षयाचे जंतू येऊ शकतात.

भाजी धुणं

या आहारातलं सगळ्यात वेळखाऊ आणि सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे. चुलीवर जे जंतू मेले असते ते इथे फक्त तुमच्या हातांनी जायचे असतात. फीतकृमीची अंडी मातीतून, मैलापाण्यातून पालेभाजीवर येतात आणि पोटात गेली तर मेंदूपर्यंत पोहोचून फिट्स येऊ शकतात. मीठ-व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून ठेवलं की ती मरतात, या समजुतीवर विसंबू नका. ती घासून, धुऊन काढावी लागतात.

म्हणून घेतानाच विचारायचं. मी ज्यांच्याकडून मेथी आणि करडई घेते त्या मावशींना पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "मावशी, पाणी कुठलं पाजता?" त्या म्हणाल्या, "विहिरीचं हाय ताई, नाल्याचं न्हवं. रानात येऊन बघा पायजे तर." मी खरंच जाऊन पाहिलं. तुम्हाला शक्य असेल तर तुम्हीही जा. भाजी कच्ची खायची तर ती कुठल्या पाण्यावर वाढली हे कळायलाच हवं.

मेथीची जुडी घरी आली की मुळं कापून टाकायची आणि पानं निवडून मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात सोडायची. हाताने हलकेच घोळून दोन मिनिटं तशीच राहू द्यायची. माती तळाला बसते. आता पातेलं ओतायचं नाही. ओतलं की तीच माती पुन्हा पानांवर येते. दोन्ही हातांनी पानं वरच्या वर उचलून चाळणीत काढायची, पाणी फेकायचं, पातेलं विसळायचं, पुन्हा भरायचं. तळाला बोट फिरवल्यावर एक कणही लागत नाही तोवर हे चालू ठेवायचं. पावसाळी मेथीला चार-पाच पाणी लागतात. शेवटी मूठ-मूठ पानं नळाच्या धारेखाली चोळून धुवायची आणि स्वच्छ पंचावर पसरून कोरडी करायची. कोबीचं वरचं आवरण काढून टाकून प्रत्येक पान सुटं करून धुवा. गड्डा अख्खा धुऊन चिरण्याला काही अर्थ नाही.

जंतूंसाठी आणखी काळजी घ्यायची असेल तर सुगंध आणि साबण न घातलेलं, ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट असलेलं द्रावण एक लिटर पाण्यात १ मिलिलिटर टाकून त्यात भाजी पाच मिनिटं ठेवतात आणि मग पिण्याच्या पाण्याने नीट धुतात. हे धुण्यानंतर करायचं, धुण्याऐवजी नाही. विळी, सुरी आणि चिरायचा पाट कच्च्यासाठी वेगळा ठेवा. घरात मांस-मच्छी होत असेल तर हा नियम मोडूच नका.

मोड

मूग आणि मटकी हे रोजचे. हरभऱ्याचे मोड कच्चे खाल्ले की पोट फुगतं, आठवड्यातून एखाद्या वेळी थोडे पुरे.

मूग आठ तास भिजवा, पाणी काढा, दोनदा विसळा, ओल्या सुती कापडात सैल बांधून चाळणीत ठेवा. घट्ट पुरचुंडी बांधली की आत उष्णता कोंडते आणि मूग चिकट होतात. दर सहा-आठ तासांनी विसळायचं, हे विसरायचं नाही. सांगलीच्या उन्हाळ्यात बारा तासांत मोड येतात, डिसेंबरात पूर्ण दिवस लागतो. मोड अर्धा इंच झाले की फ्रीजमध्ये, आणि दोन दिवसांत संपवा. आंबूस वास आला किंवा बोटांना तार लागली तर सरळ टाकून द्या.

मोड ज्या ओल्या उबेत येतात त्याच उबेत जंतूही वाढतात. २०११ साली जर्मनीत मेथीच्या मोडांतून ई-कोलाय या जिवाणूची साथ पसरली, हजारो लोक आजारी पडले आणि पन्नासहून अधिक दगावले. तेव्हा मोड बाहेरून तयार आणू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना ते वाफवूनच द्या. आमच्या सासूबाईंच्या वाट्याचे मूग मी नेहमी वाफवून काढते.

शेंगदाणा, खोबरं, तीळ

शेंगदाणे निवडताना सुरकुतलेले, काळपट, बुरशी धरलेले बाजूला काढा. दाणा चावल्यावर कडू लागला तर थुंकून टाका. बुरशीचं अफ्लाटॉक्सिन यकृताला घातक असतं आणि ते घरच्या भाजण्यानेही पूर्ण जात नाही. चांगले दाणे रात्रभर भिजवले की दुधाळ, गोडसर लागतात आणि पचायला सोपे जातात. यांचाच ओला कूट करून मी कोशिंबिरीत घालते. गाजर, पालेभाजीतल्या कॅरोटिनचं शोषण व्हायला स्निग्ध पदार्थ लागतो, त्यामुळे कूट किंवा खोबरं घालायची आपली जुनी रीत अगदी बरोबर आहे. मोडांवर लिंबू पिळलं की त्यातलं लोह जास्त शोषलं जातं.

एका दिवसाचं ताट

पूर्ण कच्च्यावर असताना माझा दिवस साधारण असा असायचा. सकाळी दोन केळी, भिजवलेला बेदाणा मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, आणि पाच खजूर. दहा-साडेदहाला दोन पेरू. दुपारी मुख्य जेवण: ५० ग्रॅम कोरड्या मुगाचे मोड, त्यात कांदा, कोथिंबीर, लिंबू; ओला कूट घातलेला मेथीचा किंवा कांद्याच्या पातीचा घोळाणा; गाजर-बिटाची कोशिंबीर; अर्ध्या लहान नारळाचं, अंदाजे ८० ग्रॅम खोबरं, मिरची-कोथिंबिरीबरोबर वाटून. संध्याकाळी पुन्हा दोन केळी, त्यावर २० ग्रॅम तीळ. रात्री खमंग काकडी, कच्ची ढोबळी मिरची, मुळा असं हंगामातलं काही आणि उरलेले दाणे. दिवसाचे शेंगदाणे कोरडे मोजून ७५ ग्रॅम, भाज्या सगळ्या मिळून अर्धा किलो.

याची बेरीज साधारण १८०० कॅलरी आणि ५० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं होते, दही धरलं तर थोडी अधिक. यातून शेंगदाणे, खोबरं आणि केळी काढून पाहा, हजार कॅलरीही उरत नाहीत. शेतात, कारखान्यात कष्टाचं काम करणाऱ्यांना १८०० पुरणार नाहीत, आणि त्याहून जास्त हे सगळं चावत बसायला वेळही मिळणार नाही. त्यांना मी पूर्ण कच्चा आहार सुचवणार नाही.

आठवड्याला चव बदलती ठेवा. कैरीच्या दिवसांत भिजवलेल्या हरभरा डाळीची आंबेडाळ, फोडणीशिवाय. थंडीत करडईची कोवळी पानं, ओला हरभरा सोलून, ओला वाटाणा, आवळा. द्राक्षाच्या हंगामात द्राक्षं मात्र भरपूर धुऊन, आणि आटपाडीचं डाळिंब. मीठ आयोडीनयुक्तच वापरा.

हे कच्चं कधीच नाही

राजमा आणि घेवडा. शेजारच्या सातारा जिल्ह्यात कोरेगावचा वाघ्या घेवडा प्रसिद्ध आहे, तो आमटीतच शोभतो. कच्च्या दाण्यांतल्या लेक्टिन या विषारी प्रथिनामुळे मोजक्या दाण्यांनीही जोराच्या उलट्या-जुलाब होतात. मोड आणले म्हणून तो धोका टळत नाही. भिजवलेलं पाणी टाकून नव्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळून उकळावं लागतं. वाल, पावटा, सोयाबीन हेही शिजवूनच.

अळू आणि सुरण कच्चे खाल्ले की घसा खाजून सुजतो. हिरवट किंवा कोंब आलेला बटाटा कच्चा काय, शिजवूनही नको. कृष्णाकाठची वांगी भरून, तेलावर शिजवूनच खावीत. कच्च्यात त्यांचा उपयोग नाही.

दुधीच्या रसाबद्दल वेगळं सांगते, कारण सकाळी फिरायला जाणाऱ्यांत त्याचं फार वेड आहे. आधी दुधीचा तुकडा जिभेवर ठेवून पाहा. जरा जरी कडू लागला तरी तो दुधी फेकून द्या. कडू दुधीच्या रसाने रक्ताच्या उलट्या होऊन आपल्या देशात माणसं दगावली आहेत. औषध म्हणून कडू रस गिळणं हा शहाणपणा नाही.

पालकाचा रोज मोठा ग्लास रसही नको. त्यातल्या ऑक्झलेटमुळे मुतखड्याचा त्रास असलेल्यांना थेट अपाय होतो. पालक उकळून पाणी टाकलं की ऑक्झलेट बरंच कमी होतं. टोमॅटोतलं लायकोपीन हे लाल रंगद्रव्यही शिजवल्यावर शरीराला जास्त मिळतं. सगळंच कच्च्यात जास्त पौष्टिक असतं हा आग्रह वस्तुस्थितीला धरून नाही. पेरू, आवळा, कोथिंबीर, लिंबू यांना आच न लावण्यात फायदा आहे, कारण क जीवनसत्त्व उष्णतेने जातं. गाजर दोन्हीकडे चांगलं. घेवड्याला विस्तवच हवा. पदार्थागणिक ठरवायचं.

पावसाळा

जून संपला की मी कच्ची पालेभाजी बंद करते. पानं चिखलाने माखलेली असतात, पिण्याच्या पाण्याचाही भरवसा कमी होतो. आपल्याकडे श्रावणात पालेभाजी वर्ज्य करायची पद्धत आहे, ती मला आरोग्याच्या दृष्टीनेही पटते. कृष्णेचं पाणी वाढून गावात शिरलं, जसं २०१९ आणि २०२१ मध्ये शिरलं, तर कच्चा आहार त्या दिवसांपुरता संपला असं समजा. पाणी उकळून गार केलेलं, अन्न गरम आणि शिजलेलं, फळ फक्त साल काढता येणारं. घराघरातली साफसफाई होऊन नळाला स्वच्छ पाणी येईपर्यंत हेच.

शरीरात काय होतं

पहिले दोन-तीन आठवडे पोटात वायू धरतो. एकदम उडी न मारता आधी दुपारचं एक जेवण कच्चं करा, महिनाभर तसंच राहा, मग पुढे जा. पोट साफ होऊ लागतं, दुपारची सुस्ती कमी होते, उन्हाळ्यात अंग हलकं वाटतं. वजन उतरतं. माझंही उतरलं, आणि हवं तिथे आल्यावर मी खोबरं-दाणे वाढवून ते तिथे थांबवलं.

हिवाळा जड जातो. हातपाय गार पडतात, रात्री गरम काहीतरी हवंसं वाटतं. सासूबाई म्हणायच्या, "अगं, थंडीत तरी ऊन ऊन भाकरी खा गं." डिसेंबरात मी त्यांचं ऐकलं आणि रात्रीची भाकरी-आमटी परत सुरू केली. तेव्हापासून घरातले सगळे एकत्र जेवायला बसतो, हेही मला सुकामेव्याच्या हिशोबाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

केस जास्त गळू लागले, जिना चढताना धाप लागली, हातापायांना मुंग्या आल्या, पाळी चुकली, यातलं काहीही झालं तर आहार तिथेच थांबवून तपासणी करा. मुंग्या येणं हे बी-१२ कमी पडल्याचं लक्षण असू शकतं आणि ते दुर्लक्षित राहिलं तर नसांना कायमची इजा होते.

परत शिजवलेल्यावर येताना

हे कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. बरेच दिवस कच्च्यावर राहून एकदम लग्नाच्या पंगतीत तळलेलं, तिखट, गोड भरपेट खाल्लं की पोट बिघडतं. पहिले दोन दिवस मऊ भात, मुगाचं वरण, ताक. तिसऱ्या दिवशी भाकरी आणि एखादी साधी भाजी, तेल बेताचं. मसाल्याची आमटी, रस्सा आठवड्यानंतर. कोशिंबीर आणि फळं या काळातही चालू ठेवा, फक्त मोडांचं प्रमाण निम्मं करा. आणि सुरुवातीला केलेल्या रक्ततपासण्या याच सुमारास पुन्हा करून दोन्ही कागद शेजारी ठेवून डॉक्टरांना दाखवा.